टीव्ही नाही, तरी पैसे का? : जर्मनीची फी आणि आपल्या गावची पट्टी

“माझ्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही, यांची भाषाही मला धड येत नाही. मग यांच्या टीव्हीचे पैसे मी का भरू, ताई?”

जर्मनीत शिकायला गेलेल्या आपल्या एका समाजबांधवाचा हा सवाल. तो आपल्याच जिल्ह्यातला आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलेला. तिथे पोहोचल्यावर त्याने नियमाप्रमाणे नगरपालिकेत पत्ता नोंदवला आणि काही आठवड्यांतच घरी पत्र आले. तुम्ही या घरात राहता, तेव्हा दरमहा 18.36 युरो भरा. तीन महिन्यांचे मिळून 55.08 युरो. आपल्या पैशात महिन्याला सतराशे-अठराशे रुपये. आमच्या ग्रुपवर त्यावर दोन दिवस चर्चा चालली. कोणी म्हणाले, “ही लूट आहे.” कोणी म्हणाले, “पत्र फाडून टाक, ते काय भारतात येणार आहेत?” एकाने तर लिहिले, “जे वापरत नाही त्याचे पैसे घेणे म्हणजे जिझिया कर.”

गंमत म्हणून हा विषय सोडून देता आला असता. पण “मी वापरत नाही, म्हणून मी भरणार नाही” हे वाक्य मला फार ओळखीचे वाटले. हे वाक्य आपल्या विरोधात रोज वापरले जाते. “माझ्या टॅक्समधून यांना शिष्यवृत्ती का?”, “माझी मुले सरकारी शाळेत जात नाहीत, मग त्या शाळेसाठी मी पैसे का द्यायचे?”, “मी रेशन घेत नाही, मग फुकट तांदळाचा भार माझ्यावर का?” म्हणणारा वेगळा असतो, तर्क तोच असतो. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार व्हायला हवा.

ही फी आहे तरी काय?

जर्मन भाषेत तिला रुंडफुंकबायट्राग म्हणतात. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीची ही वर्गणी. पूर्वी ती यंत्रावर होती. ज्याच्या घरी रेडिओ किंवा टीव्ही असेल त्याने भरायची, आणि घरात यंत्र आहे की नाही हे पाहायला माणसे दारावर यायची. 1 जानेवारी 2013 पासून ती थेट घरावर लावली. एक घर, एक फी. टीव्ही असो वा नसो. ऑगस्ट 2021 पासून दर 18.36 युरो झाला. एका घरात पाच विद्यार्थी राहत असतील तर पाच जणांनी भरायची नसते. एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. आपल्या अनेक मुलांना हे माहीत नसते. पत्रे न उघडता ठेवून देतात आणि मग मागच्या तारखेपासूनची थकबाकी दंडासह अंगावर येते.

जे लोक सरकारी निर्वाह भत्त्यावर जगतात त्यांना अर्ज केल्यावर माफी मिळते. काही प्रकारच्या अपंगत्वात एक तृतीयांशच भरावे लागते. लोक या फीविरुद्ध कोर्टातही गेले. 18 जुलै 2018 रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की घरावर फी लावणे घटनेला धरून आहे, मात्र एकाच माणसाकडून दुसऱ्या घराचीही फी घेणे चूक आहे. म्हणजे नागरिकाने विचारले, न्यायालयाने ऐकले, काही मान्य केले, काही दुरुस्त केले. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तर अशी फी रद्द करावी का, यावर 4 मार्च 2018 रोजी थेट जनतेचे मतदान घेतले. सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी फी राहू द्या असे सांगितले.

आपल्याकडेही हे होते. आजी-आजोबांना विचारा. घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे. 1985 च्या सुमारास ते बंद झाले. लोकांना आनंद झाला. पण परवाना गेला म्हणजे खर्च गेला का? आकाशवाणी-दूरदर्शन सरकारच्या तिजोरीतून चालू राहिले, आणि ज्याच्या हाती तिजोरी त्याच्या हाती माईक. फोनवरच्या ‘फुकट’ बातम्यांचेही तसेच. त्याचे पैसे जाहिरातदार देतो, आणि जाहिरातदाराला खैरलांजीची बातमी नको असते.

प्रसारमाध्यम कोणाच्या पैशावर चालते, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघाला तो शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या आधारावर. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. 1927 ला सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ पैशाअभावी 1929 मध्ये बंद पडले. ज्या समाजाची वर्तमानपत्रे वर्गणी थकल्यामुळे बंद पडली, त्या समाजाच्या माणसाने तरी सर्वांच्या वर्गणीवर चालणाऱ्या माध्यमाला पहिल्याच दिवशी ‘लूट’ म्हणू नये.

अर्थात फी आहे म्हणून माध्यम स्वतंत्र असते, असेही नाही. जर्मनीतच हिटलरच्या काळात रेडिओची फी महिन्याला दोन मार्क होती, आणि त्याच्या आधीच्या लोकशाहीच्या काळातही दोन मार्कच होती. फी बदलली नाही, नियंत्रण बदलले, आणि त्या रेडिओवरून ज्यूंच्या द्वेषाचा प्रचार घरोघरी गेला. म्हणूनच महायुद्धानंतर तिथे सार्वजनिक प्रसारण सरकारच्या हातात राहणार नाही अशी रचना केली, आणि पैसे अर्थसंकल्पातून न देता थेट लोकांकडून घ्यायचे ठरले. तेव्हा किती घेतात यापेक्षा कोणाच्या ताब्यात जाते हे पाहणे महत्त्वाचे.

धर्माचा रकाना

त्याच मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना होता. त्याने अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. त्याच्यासोबतच्या केरळच्या मुलाने ‘कॅथलिक’ लिहिले. पुढे नोकरी लागल्यावर त्या मुलाच्या पगारातून चर्च कर कापला जाऊ लागला. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग या दोन राज्यांत तो आयकराच्या 8 टक्के आहे, बाकी राज्यांत 9 टक्के. हा कर त्या-त्या चर्चच्या सभासदांनाच लागतो. बौद्धाला, हिंदूला, मुसलमानाला, निधर्मी माणसाला लागत नाही. ज्याला नको असेल तो सरकारी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याची नोंद करू शकतो, आणि कर थांबतो.

आता आपली राज्यघटना उघडा. अनुच्छेद 27 म्हणतो की ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा पंथाच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेले असेल असा कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. कागदावर आपण जर्मनीच्याही पुढे आहोत. तिथे सरकार चर्चसाठी वसुली करून देते, आपल्याकडे ते घटनेतच बसत नाही.

पण कागद सोडून गावात या. मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, सप्ताहाची वर्गणी, गणपती-दुर्गेची वर्गणी. घरामागे अमुक इतके, असे चार माणसे बसून ठरवतात. त्या चौघांत आपल्या वस्तीतला कोणी नसतो. पावती मिळाली तर मिळाली. आणि जो 14 ऑक्टोबर 1956 च्या दीक्षेनंतर त्या देवांना मानतच नाही, त्याच्याही दारात हे लोक येतात. नाही म्हटले तर काय होते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. रोवणीच्या हंगामात बोलावणे येत नाही. ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही. किराणा दुकानदार उधारी बंद करतो. हा कर कोणत्या कायद्यात आहे? कोणत्याच नाही. पण वसुली मात्र ग्रामपंचायतीपेक्षा चोख!

जर्मनीच्या फीला जिझिया म्हणणाऱ्या भावाने कधी या वर्गणीला जिझिया म्हटले होते का? परक्या देशात कायद्याने, लेखी, माफीची सोय ठेवून, कोर्टात दाद मागण्याचा हक्क ठेवून घेतलेली फी आपल्याला टोचते, कारण ती अनोळखी आहे. गावातली बिनकायद्याची वसुली टोचत नाही, कारण ती ‘रीत’ आहे. समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट पक्की कळली की सवयीची सक्ती माणसाला सक्ती वाटत नाही. जातिव्यवस्था एवढी शतके टिकली ती याच जोरावर. महारांनी वेठ करायची, मेलेली गुरे ओढायची, हासुद्धा एक करच होता. तो पैशात नव्हता, हाडामांसात होता. त्याची पावती कधी कोणी दिली नाही.

कर आमचा, पाणी त्यांचे

ज्यांना वाटते की कराचा आणि आंबेडकरी चळवळीचा काय संबंध, त्यांनी महाड आठवावे. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. ‘सार्वजनिक पैसा’ हा शब्द लक्षात घ्या. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण प्रत्यक्षात पाण्याला हात लावू दिला नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. त्यावर सवर्णांनी कोर्टात काय मांडले? तळे खाजगी आहे, सार्वजनिक नाही! म्हणजे पैसा सर्वांचा की मूठभरांचा, या प्रश्नावर खटला उभा राहिला. दहा वर्षे तो चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. पुढे घटनेच्या अनुच्छेद 15 मध्ये राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापरावर जातीवरून बंदी घालता येणार नाही असे लिहिले गेले. महाडची ओंजळ घटनेत आली ती अशी.

त्याआधी महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे हाच हिशोब मांडला होता. सरकारी उत्पन्न येते शेतकऱ्याच्या आणि कष्टकऱ्याच्या घामातून, आणि ते खर्च होते वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. बाबासाहेब तर पेशानेच या विषयाचे अभ्यासक. कोलंबियातला त्यांचा 1915 चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर, आणि 1925 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवर. आज त्यांचा फोटो लावणाऱ्यांनी त्यांच्या या पुस्तकांना हातही लावलेला नसतो, हे दुःख वेगळे.

त्या मुलाचे कुठे बरोबर आहे

एवढे सांगून मी त्याला “गप भर” असे म्हणणार नाही. त्याच्या तक्रारीत एक खरा मुद्दा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा विद्यार्थी आणि बंगल्यात राहणारा कारखानदार, दोघांनाही 18.36 युरोच. तिथल्या विद्यार्थ्याला सरकारी शिक्षणभत्ता मिळत असेल आणि तो आईवडिलांपासून वेगळा राहत असेल तर माफी मिळते. परदेशी विद्यार्थ्याला तो भत्ताच बहुधा मिळत नाही, म्हणून त्याचे उत्पन्न कितीही कमी असले तरी माफीही सहसा मिळत नाही. हा अन्याय आहे. सपाट कर गरिबाला जड जातो, श्रीमंताला कळतही नाही.

बाबासाहेबांनी 1927 मध्ये मुंबई कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना याच गोष्टीवर बोट ठेवले होते. आयकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिळते, पण एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्याला शेतसाऱ्यात तशी सूट नाही. मोठा जमीनदार आणि लहान शेतकरी दोघेही एकाच मापाने मोजले जातात, हे न्यायाचे नाही, असा त्यांचा मुद्दा होता. भार ऐपतीप्रमाणे असावा. म्हणून त्या मुलाने ‘मी टीव्ही पाहत नाही’ असे भांडू नये. ‘माझ्या ऐपतीचा विचार झालेला नाही’ असे भांडावे. पहिला मुद्दा स्वार्थाचा आहे, दुसरा न्यायाचा. पहिला मुद्दा उद्या आपल्यावर उलटेल, दुसरा कधी उलटणार नाही.

आणि हेही त्याने विसरू नये की त्याची फी, त्याचे विमानभाडे, त्याचा निर्वाह भत्ता कोणी भरला. ज्याने कधी विमान पाहिले नाही अशा माणसाने रोजच्या खरेदीत जो कर भरला त्यातून ते पैसे गेले. धान कापणाऱ्या बाईने “मी कुठे जर्मनीला जाते, मग मी का भरू?” असे विचारले नाही.

चार प्रश्न

कोणताही कर, फी, पट्टी, वर्गणी समोर आली की चार प्रश्न विचारावेत. एक, हे कोणी ठरवले, आणि ठरवणाऱ्यांत माझा प्रतिनिधी होता का? दोन, भार ऐपतीप्रमाणे आहे का, आणि गरिबाला माफी आहे का? तीन, पैसा कशावर खर्च होतो, आणि त्या वस्तूवर माझा समान हक्क आहे का? चार, हिशोब मागता येतो का, आणि नाही म्हणालो तर कायदा काय करतो की गाव काय करते?

जर्मनीची फी या कसोटीवर दुसऱ्या प्रश्नात अडखळते, बाकी बऱ्यापैकी पास होते. परदेशी विद्यार्थ्याला तिथे मत नाही हे खरे, पण तो कोर्टात जाऊ शकतो. गावची सक्तीची वर्गणी चारही प्रश्नांत नापास होते.

आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी? इथे मला सौंदड काय नि आपल्या सडक अर्जुनी तालुक्यातले दुसरे कुठले गाव काय, सगळ्या समाजबांधवांशी स्पष्ट बोलायचे आहे. ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 124 खाली ग्रामपंचायत घरपट्टी, दिवाबत्ती, सफाई, पाणीपट्टी आकारते. आपल्या वस्तीत अनेकांचा पवित्रा असा, “आमच्याकडे नाली नाही, खांबावर लाईट नाही, नळाला पाणी नाही, मग कशाला भरायचे?” राग खरा आहे. पण परिणाम काय होतो ते पाहा. मागणीचे बिल हाती आल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर कलम 14 खाली माणूस पंचायतीचा सदस्य राहायला किंवा व्हायला अपात्र ठरतो. राखीव जागेवर आपला चांगला उमेदवार उभा राहतो आणि चारशे रुपयांच्या थकबाकीवर विरोधक त्याचा अर्ज उडवतात. नाली मागायला जो आत जाणार होता तोच बाहेर राहिला!

दुसरी गोष्ट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा 15 टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गावची वसुली दहा लाख झाली तर आपल्या वस्तीचे दीड लाख. वसुली चार लाखच झाली तर साठ हजार. गावातल्या बड्या घरांची थकबाकी किती आहे, हे कधी विचारले का? ज्याचे दुमजली घर नमुना 8 मध्ये कौलारू दाखवले आहे त्याने फक्त पंचायतीला फसवलेले नाही. त्याने आपल्या वस्तीच्या 15 टक्क्यांतून चोरी केली आहे. आपण मात्र थकबाकीदार म्हणून मान खाली घालून उभे असतो, आणि तो पुढच्या खुर्चीवर बसलेला असतो.

म्हणून भरा आणि भांडा. पावती खिशात असलेला माणूस ग्रामसभेत वेगळ्या आवाजात बोलतो.

आपलीही वही उघडू

शेवटी एक कडू गोष्ट. हे चार प्रश्न आपल्या जयंती मंडळांनाही लागू आहेत. 14 एप्रिलची वर्गणी घरामागे पाचशे रुपये ठरते. निंदणीला जाणारी विधवा बाई आणि सरकारी नोकरदार दोघांनाही पाचशेच. मग त्यातले किती डीजेवर गेले आणि किती वाचनालयावर, याचा कागद किती गावांत विहाराच्या भिंतीवर लागतो? धर्मादाय कायद्यानुसार वर्गणी गोळा करायला रीतसर परवानगी आणि हिशोब लागतो, हे गणपती मंडळाला सुनावणाऱ्या आपल्या मंडळाने ते स्वतः किती पाळले? बाबासाहेबांनी आयुष्यभर सार्वजनिक पैशाचा हिशोब मागितला. त्यांच्या नावाने गोळा केलेल्या पैशाचा हिशोब न देणे ही त्यांची विटंबनाच आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येक वस्तीतल्या पाच जणांनी एवढे करावे. स्वतःची घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती घ्यावी. 15 टक्के निधी गेल्या तीन वर्षांत किती जमला आणि कशावर खर्च झाला, याचा माहितीच्या अधिकारात अर्ज द्यावा. सर्वांत मोठ्या दहा थकबाकीदारांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा म्हणावे. सक्तीची धार्मिक वर्गणी मागायला कोणी आले तर अनुच्छेद 27 चा दाखला देऊन शांतपणे, पण ठाम नकार द्यावा; त्यावरून वाळीत टाकण्याची भाषा झाली तर सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 आहे, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. आणि जयंतीच्या वर्गणीत ऐपतीप्रमाणे दर ठरवून, खर्चाचा कागद विहारात लावून सुरुवात आपल्यापासून करावी.

ज्यांना पाणी पिण्याचा हक्क मिळवायला दहा वर्षे कोर्टात लढावे लागले, त्यांनी पैसे भरायला घाबरू नये, आणि हिशोब मागायला तर मुळीच घाबरू नये.

जय भीम! जय संविधान!